संकेतस्थळ बदलले, खिडकी बंद झाली. मग कागद मागायचा कोणाकडे?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करून मांडतो. ऐरोलीतील तुमच्या सोसायटीला लागून असलेल्या मोकळ्या भूखंडाविषयीचे जुने ठराव आणि हरकती मागवणाऱ्या जाहीर सूचना एका स्थानिक कार्यालयाच्या संकेतस्थळावर होत्या. नवे संकेतस्थळ सुरू झाल्यापासून जुने दुवे उघडत नाहीत आणि नव्यावर शोध घेतला तरी काही सापडत नाही. दुसरी गोष्ट वडिलांची. आजी वारल्यानंतर मालमत्ता कराच्या नोंदीला वडिलांचे नाव लावायचे आहे, परंतु खिडकीवर ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ असे सांगून अर्ज परत दिला जातो, ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आजीच्या बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर जातो, आणि दृष्टी अधू असल्यामुळे वडिलांना कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे वाचता येत नाहीत. शेवटी तुम्ही विचारले आहे की जे काही अजून उघडते आहे ते एखाद्या प्रोग्रॅमने उतरवून ठेवले तर ते कायद्यात बसते का.

मी बरीच वर्षे शासकीय कार्यालयांतील अभिलेखांच्या संगणकीकरणाची कामे केली आणि आता ठाण्यात नागरिकांचे माहिती अधिकाराचे व लोकसेवा हक्काचे अर्ज आणि अपिले पाहतो. त्या अनुभवावरून पहिली सूचना अशी की ‘संकेतस्थळ चालत नाही’ ही तक्रार बाजूला ठेवा. तिला कोणा एका अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे आणि न दिल्यास दंड भरावा, अशी तरतूद नाही. ती संगणक विभागाकडे जाते, तेथून ठेकेदार कंपनीकडे जाते आणि ‘तांत्रिक अडचण दूर करण्याचे काम सुरू आहे’ असा शेरा मारून निकाली निघते. कायद्याने तुमचा हक्क बांधला आहे तो अभिलेखाशी आणि सेवेशी. गायब झालेला ठराव हा अभिलेख आहे, त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. वडिलांची नोंद ही सेवा आहे, तिच्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. दोन्हींचे अधिकारी वेगळे, मुदती वेगळ्या, अपिलाच्या पायऱ्या वेगळ्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वाधिक वेळ वाया जातो तो या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबल्यामुळे.

संकेतस्थळ बदलताना जुना मजकूर का नाहीसा होतो हे समजून घेतले तर अर्जात काय मागायचे ते आपोआप कळते, म्हणून त्यावर जरा थांबतो. बहुतेक वेळा कोणी ‘हे काढून टाका’ असा आदेश दिलेला नसतो. जुन्या ठेकेदाराची मुदत संपते, नव्याला कार्यादेश दिला जातो, आणि त्या कार्यादेशातील कामाच्या व्याप्तीत नवी रचना, नवी रंगसंगती, मोबाइलवर नीट दिसणे यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. जुन्या मजकुराच्या स्थलांतराबद्दल मात्र एखादी ओळ असते, तीही ‘आवश्यक तो मजकूर’ अशी. आवश्यक काय ते ठरवण्यासाठी विभागांना पत्र जाते, अर्धे विभाग उत्तर देत नाहीत, आणि मग अलीकडच्या काही वर्षांचे तेवढे नव्या सर्व्हरवर चढते. जे चढते त्याचाही पत्ता बदलतो, त्यामुळे जुन्या बातम्यांत, न्यायालयीन अर्जांत किंवा तुमच्या सोसायटीच्या पत्रव्यवहारात दिलेले दुवे निकामी होतात.

त्यात मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. युनिकोड ही सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वी कार्यालयांतले टंकलेखन श्रीलिपीमध्ये किंवा आयएसएम या प्रणालीच्या सुरेख, योगेश अशा फाँटमध्ये होत असे. त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. अशा फाइलीची पीडीएफ नव्या संकेतस्थळावर आली तरी ‘ऐरोली’ असा शोध घेतल्यावर ती सापडत नाही. आणि मजकूर थेट पानावर चिकटवला असेल तर फाँट नसलेल्या संगणकावर त्याचा निव्वळ गोंधळ दिसतो. स्कॅन केलेल्या ठरावांचे तर चित्रच असते, त्यात शोधण्याजोगे अक्षर नसते. म्हणून ‘शोधात आले नाही’ याचा अर्थ ‘काढून टाकले’ असा लगेच घेऊ नका. नव्या संकेतस्थळावर ठरावांची वर्षवार यादी असेल तर आधी ती हाताने उघडून पाहा.

आणखी एक जागा लोक हमखास चुकवतात. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत महानगरपालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती यांच्या नावाखाली शोधाल तर हाती काही लागणार नाही. ते निर्णय प्रशासकांचे ठराव म्हणून स्वतंत्र नोंदलेले असतात. तुमच्या भूखंडाचा विषय या वर्षांत फिरला असेल तर तो तेथेच सापडण्याची शक्यता अधिक.

संकेतस्थळावर होती ती प्रत. मूळ अभिलेख तेथे कधीच नव्हता. महापालिकेच्या बाबतीत विषयपत्रिका, प्रस्तावाचा गोषवारा, इतिवृत्त आणि ठरावाची नोंद सचिव विभागात असते, आणि ज्या विभागाने प्रस्ताव आणला त्याच्या नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, त्या ठरावाची प्रत लावलेली असते. म्हणजे एकाच कागदाची निदान दोन घरे आहेत, आणि एका घरी नाही म्हटले तर दुसरे दार ठोठावता येते.

येथे तुमच्या भागाची परिस्थिती आड येते. नवी मुंबईत भूखंड म्हटला की कार्यालय कोणते हा पहिला प्रश्न असतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली १ जानेवारी १९९२ रोजी, आणि ऐरोली ते तुर्भे पट्ट्याच्या पूर्वेकडची औद्योगिक जमीन एमआयडीसीकडे. भूखंडाचा भाडेपट्टा आणि वाटपाची नस्ती सिडकोकडे असू शकते, विकास आराखड्यातील आरक्षण आणि बांधकाम परवानगी महापालिकेकडे, तर मूळ सातबाऱ्याचे जुने फेरफार महसूल विभागाकडे. तुम्ही कार्यालयाचे नाव दिलेले नाही, त्यामुळे नेमके कोठे जावे हे मी सांगू शकत नाही. पण चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तरी तो फेटाळता येत नाही, माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करावा लागतो. माझी पद्धत अशी की शंका असेल तेथे दोन कार्यालयांत दोन स्वतंत्र अर्ज एकाच दिवशी करायचे. वर्ग करण्याच्या पत्रव्यवहारात जाणाऱ्या दिवसांपुढे दुसऱ्या अर्जाच्या शुल्काचे दहा रुपये काहीच नाहीत.

आता अर्जाचा मसुदा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांत असावा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो किंवा राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरून तो ऑनलाइन करता येतो. ‘संकेतस्थळावरून माहिती का काढली?’ असे विचारू नका; कारणे आणि मते देण्यास जन माहिती अधिकारी बांधील नसतो, आणि असा प्रश्न दिसला की त्याला संपूर्ण अर्ज झटकण्याची सोय होते. तुमच्या प्रकरणात मी वर्णनाच्या रकान्यात एवढेच लिहीन: ‘सेक्टर अमुक, भूखंड क्रमांक अमुक, ऐरोली याचा उल्लेख असलेले सर्वसाधारण सभेचे, स्थायी समितीचे व प्रशासकांचे ठराव, त्यांचे गोषवारे आणि सदर भूखंडाविषयी प्रसिद्ध केलेल्या जाहीर सूचना. ही कागदपत्रे संगणकात साठवलेली असल्यास त्यांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती, अन्यथा छायाप्रती मिळाव्यात.’ कालावधीच्या रकान्यात वर्षे नेमकी लिहा. जुना दुवा तुमच्याकडे असेल तर तो आणि ठरावाचा क्रमांक आठवत असेल तर तोही घाला; नेमक्या मागणीला ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर देणे कठीण जाते.

इलेक्ट्रॉनिक प्रत मागण्याचा हक्क कलम २(ञ) मध्येच आहे. माहिती संगणकात किंवा अन्य उपकरणात साठवलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवणे हा माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे, आणि कलम ७(९) सांगते की माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपातच द्यावी, मात्र त्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागत असेल किंवा अभिलेखाच्या सुरक्षिततेला बाधा येत असेल तर अपवाद आहे. हे अपवाद लक्षात ठेवून मागणी आटोपशीर ठेवा. आकडेवारी असेल तेथे तर इलेक्ट्रॉनिक प्रतीचा आग्रह धराच. मालमत्ता कराची वसुली, पाणी तपासणीचे निकाल किंवा निविदांची यादी एक्सेलमध्ये तयार असताना तिचे छापील कागद मिळाले, तर तुमच्या सोसायटीतील कोणीतरी ते आकडे पुन्हा टंकत बसणार आणि त्यात चुका होणार.

याच्या जोडीला दुसरा, पूर्ण स्वतंत्र अर्ज करा, कारण सार्वजनिक हिताची खरी गोष्ट त्यात आहे. त्यात मागायचे ते नव्या संकेतस्थळाच्या कामाचा कार्यादेश आणि करारनामा, त्यातील मजकूर स्थलांतराची अट, जुन्या ठेकेदाराने मजकूर व बॅकअप हस्तांतरित केल्याचे पत्र, आणि जुन्या संकेतस्थळावरील जो मजकूर नव्यावर घेतला नाही त्याबाबतची टिप्पणी. चारही गोष्टी नस्तीत असणारे कागद आहेत, मत नाही. हस्तांतरणाचे पत्र निघाले तर बॅकअप कोठे आहे ते कळते. निघाले नाही तर ते नाही हेच लेखी मिळते, आणि अपिलात ते फार कामाला येते.

तीस दिवसांत उत्तर यायला हवे. उत्तरे साधारण तीन प्रकारची येतात. एक, ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’. असे उत्तर आले तर त्या दिवशी ते पान उघडून, पत्ता आणि दिनांक दिसेल असे पडद्याचे छायाचित्र घ्या आणि तीस दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’ मध्ये प्रथम अपील करा. नेमका दुवा न देता संकेतस्थळाकडे बोट दाखवणे म्हणजे माहिती देणे नव्हे, असा मुद्दा घ्या. दोन, ‘अभिलेख आढळून येत नाही’. माहिती नाकारण्याच्या कारणांची यादी कलम ८ आणि ९ मध्ये आहे आणि तीत ‘सापडत नाही’ हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की जी माहिती कधीकाळी कार्यालयाकडे होती ती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येत नाही, तिचा कसून शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी ठरवावी लागते. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, ज्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा कैदेची शिक्षा असलेला गुन्हा आहे. अपिलात या अधिनियमाचा नुसता उल्लेख केला, की पूर्वी न सापडलेल्या नस्त्या सापडल्याचे मी पाहिले आहे. तिसरे उत्तर म्हणजे शांतता. मुदत उलटली की कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते आणि प्रथम अपिलाचा मार्ग मोकळा होतो.

दुसऱ्या अपिलाची सुनावणी लवकर लागेल असे मात्र धरून चालू नका. ते राज्य माहिती आयोगाकडे जाते आणि तेथे प्रकरणे साचलेली असतात. म्हणून प्रथम अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा आणि ‘अभिलेखाची पाहणी करू द्यावी’ अशी पर्यायी मागणी तेथेच नोंदवा. त्याहून सोपा मार्गही आहे. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय ठेवायची आहे. ही सोय सगळीकडे सारख्या तत्परतेने मिळते असे नाही. आधी लेखी कळवून, विषय आणि वर्ष सांगून गेलात तर नस्ती काढून ठेवलेली असण्याची शक्यता वाढते. सोसायटीचा लेटरहेड आणि शिक्का घेऊन दोघांनी जावे, म्हणजे एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पृष्ठक्रमांक टिपावेत.

पुष्कळ जण विचारतात की संकेतस्थळावर माहिती प्रसिद्ध करणे हे कलम ४ चे बंधनच आहे, मग सरळ आयोगाकडे तक्रार का करू नये. बंधन आहे, यात वाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये कलम ४ च्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचे निर्देश केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना दिले आहेत. परंतु त्याच न्यायालयाने २०११ मध्ये हेही ठरवले आहे की कलम १८ च्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, माहिती देण्याचा आदेश मात्र देऊ शकत नाही. त्यासाठी कलम १९ चे अपीलच करावे लागते. त्याच कलम १९ च्या पोटकलम (८)(क) मध्ये आयोगाला असा अधिकार आहे की तो सार्वजनिक प्राधिकरणास विशिष्ट प्रकारची माहिती प्रसिद्ध करण्यास आणि अभिलेखांचे जतन, व्यवस्थापन व नाश यांच्या पद्धतीत बदल करण्यास सांगू शकतो. म्हणून दुसरे अपील करायची वेळ आलीच तर केवळ स्वतःची प्रत मागून थांबू नका. ‘जुन्या संकेतस्थळावरील सर्व ठराव व सूचना ठराविक मुदतीत पुन्हा प्रसिद्ध कराव्यात’ अशी मागणी अपिलाच्या विनंतीच्या भागात लिहा. प्रत मिळाली की तुमचे काम होईल. हा आदेश मिळाला तर पुढच्या माणसाला अर्जच करावा लागणार नाही.

वैयक्तिक माहितीचा अडसर हल्ली वाढला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधील जुन्या अटी काढून तो अपवाद अधिक रुंद केला आहे. तुमच्या ठरावांना त्याची बाधा येऊ नये, पण हरकती घेणाऱ्यांची यादी किंवा लाभार्थ्यांची यादी मागाल तेथे येईल. अशा वेळी नावे आणि पत्ते वगळून माहिती द्यावी, असे कलम १० च्या आधारे आधीच अर्जात लिहावे. आणि नावेच महत्त्वाची असतील तर कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा मुद्दा कारणांसह मांडावा, कारण ते पोटकलम कायम आहे.

आता वडिलांची नोंद. नागरी स्थानिक संस्थांच्या अधिसूचित सेवांमध्ये मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि वारसा हक्काने होणारी हस्तांतरणाची नोंद यांचा समावेश आहे. प्रत्येक सेवेची मुदत, शुल्क, लागणारी कागदपत्रे, पदनिर्देशित अधिकारी आणि दोन्ही अपिलीय अधिकारी यांची यादी कार्यालयाच्या सूचना फलकावर लावणे बंधनकारक आहे. नागरी सुविधा केंद्रात गेल्यावर आधी त्या फलकाचे छायाचित्र घ्या. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण अर्ज तोंडी परत करण्याचा अधिकार त्याला नाही आणि सेवा देण्याची जबाबदारीही त्याची नाही. जबाबदारी फलकावर ज्याचे पदनाम आहे त्याची आहे. अर्ज त्या पदनामाने लिहा, मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रे आणि इतर वारसांची संमती किंवा ना हरकत जोडा, आणि तो आवक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांकाचा शिक्का घ्या. आवक विभागही घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

या पोचेवर सगळा डोलारा उभा असतो. लोकसेवा हक्क अधिनियमाची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते, आणि सेवा नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावे लागते. ऑनलाइन अर्ज अर्धवट राहिला, ओटीपी आला नाही, पैसे कापले गेले पण क्रमांक मिळाला नाही, अशा स्थितीत तुम्ही अर्ज केलाच नाही असे कार्यालय म्हणू शकते. शिक्क्याची प्रत असेल तर तसे म्हणता येत नाही. मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रथम अपील, नंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग, अशा पायऱ्या आहेत. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटते, पण तो व्यक्तिशः भरावा लागतो आणि त्याची नोंद राहते, म्हणून अपिलाची नोटीस निघताच कामे हलतात.

ओटीपीची अडचण वेगळी सोडवावी. नोंदीतील मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज आजींचा मृत्यू दाखला जोडून आधी द्या, आणि त्याच अर्जात ‘नोंदणीकृत क्रमांक मृत व्यक्तीचा असल्याने ऑनलाइन प्रक्रिया पूर्ण करणे अशक्य आहे’ असे वाक्य असू द्या. हे वाक्य पुढे कागदी अर्ज का केला याचे उत्तर ठरते.

वडिलांच्या दृष्टीचा मुद्दा मात्र केवळ सोयीचा समजू नका. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. त्यातील निर्देश मुख्यत्वे ई-केवायसीविषयी, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पडताळण्याविषयी असले, तरी दृष्टिबाधित व्यक्तींच्या बाबतीत त्यातील तर्क येथेही लागू पडतो. त्याआधी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयाने दिव्यांगांसाठीच्या सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे अमान्य केले होते. वडिलांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ चा आधार घेऊन त्याच अर्जात साहाय्याची मागणी करा, आणि दाद मिळाली नाही तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे जा. प्रमाणपत्र नसेल आणि केवळ वयामुळे दिसत नसेल तर हा कायदा थेट लागू होत नाही. तेव्हा लोकसेवा हक्काचाच मार्ग धरावा. माहिती अधिकारात मात्र तुम्हाला अधिक जागा आहे: ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास वाजवी मदत करणे कलम ६(१) प्रमाणे, आणि संवेदनविषयक दिव्यांगत्व असलेल्या अर्जदाराला माहिती मिळवून देण्यास साहाय्य करणे कलम ७(४) प्रमाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

दोन्ही मार्ग सुरू असताना ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकांत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनाचा विचार करता येतो. निवेदन विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावे लागते, आणि ज्या विषयावर अपील प्रलंबित आहे तो तेथे घेतला जात नाही. म्हणून अपील सुरू असलेला भाग तेथे नेऊ नका. सोमवारची पाहणी मिळत नाही किंवा सेवांचा फलकच लावलेला नाही, असे विषय न्या.

राहिला प्रोग्रॅमने उतरवून ठेवण्याचा प्रश्न. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना माहिती उतरवून घेणे आणि यंत्रणेत व्यत्यय आणणे या दोन्ही गोष्टी येतात, आणि हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ लागते. सर्वांसाठी खुली असलेली पाने वाचणे आणि जतन करणे यालाच ती प्रसिद्ध केलेली असतात, त्यामुळे त्यात मला धोका दिसत नाही. पण संकेतस्थळाच्या वापराच्या अटी आधी वाचा आणि मर्यादा कडक पाळा. लॉगिन किंवा कॅप्चाच्या पलीकडे प्रोग्रॅमने जायचे नाही. पत्त्यातील क्रमांक बदलून दुसऱ्याची कर पावती किंवा दाखला उघडतो का हे ‘सहज’ही पाहायचे नाही. दोन मागण्यांमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवायचे आणि काम रात्री करायचे, कारण दिवसा त्याच सर्व्हरवर कोणीतरी जन्मदाखला काढत असते. खरे सांगायचे तर एका भूखंडासाठी प्रोग्रॅमची गरजच नसते; दोन सभासदांनी एका रविवारी बसून हाताने केले तरी भागते, आणि काय मिळाले, काय नाही याची यादीही नीट तयार होते.

जतन करताना पुरावा म्हणून उपयोग होईल असे करा. प्रत्येक फाइलसोबत पूर्ण पत्ता, उतरवल्याचा दिनांक व वेळ आणि फाइलचे एसएचए-२५६ हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेला ठसा, जो फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलतो) एका तक्त्यात लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते, आणि ते उतरवतानाच नोंदवले असेल तर फाइल मध्ये बदलली अशी शंका घ्यायला जागा राहत नाही. त्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, म्हणून तो वकिलांच्या सल्ल्याने वेळेवर करा. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुना पत्ता टाकून पाहाच, एखादी प्रत मिळून जाते. पण अनेक शासकीय संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत आणि त्या यंत्रणेचे सर्व्हर परदेशात आहेत, त्यामुळे तीत काही नसेल तर आश्चर्य वाटू देऊ नका.

जुन्या ठरावात एखाद्या शासन निर्णयाचा आधार दिलेला असेल तर तो शोधणे सर्वांत सोपे आहे. शासन निर्णयाच्या शेवटी अठरा अंकी संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की डिजिटल स्वाक्षरीची प्रत उतरते. न्यायालयात किंवा उपनिबंधकांकडे जायचे असेल तर मात्र महापालिकेच्या ठरावाची उतरवलेली पीडीएफ पुरेशी समजू नका. सचिव विभागाकडून प्रमाणित प्रत मागा. आधी सोमवारची पाहणी करून ठराव क्रमांक आणि दिनांक हाती आले, की त्या अर्जाला दोन ओळी पुरतात.